सोंडेतला वास

४ ऑक्टोबर, शनिवार

आलो एकदाचा! जन्मभर एकाच घरात राहिलेला माणूस नव्या घरात शिरतो तेव्हा त्याची गत शाळा बदललेल्या पोरासारखी होते. कुठल्या बाकावर बसायचं ते कुणी सांगेपर्यंत दप्तर पोटाशी धरून उभं राहायचं. सूनबाईंनी माझा बाक लगेच दाखवला. पॅसेजच्या टोकाची खोली, खिडकीशी पलंग, पलंगाशेजारी टेबल, टेबलावर वाकड्या मानेचा दिवा. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसते. पाण्याचे पाइप, वाळत घातलेले कपडे, आणि मधल्या फटीतून एका झाडाचा शेंडा. तेवढा शेंडा मला पुरे.

ट्रंक उचलताना चिरंजीवाने विचारलं, बाबा, यात काय दगड भरलेत का? मी म्हटलं, कविता. तो म्हणाला, म्हणजे तेच की. दोघंही हसलो. ट्रंकेत माझी शाळेतली कवितेची पुस्तकं आहेत, अगदी पहिलीपासूनची, खाकी कव्हरं घातलेली. छापखान्यात जन्मभर मी मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. इतकी पुस्तकं डोळ्यांखालून गेली, पण मनात घर करून राहिली ती एवढीच.

ही असती तर म्हणाली असती, अहो, आल्या आल्या लिहायला काय बसलात, आधी हातपाय धुवा. ही गेल्यापासून मला असं कुणी ओरडलेलं नाही. जुनं घर आवरताना तिचं शिवणयंत्र देऊन टाकावं लागलं, तेवढं मनाला लागलं. असो. चादर नवी आहे, उशी मऊ आहे, आणि पोराच्या घरात पोराचा आवाज ऐकत झोपायचं आहे. आणखी काय हवं?

५ ऑक्टोबर, रविवार

आज या घरातल्या हत्तीची ओळख झाली. हत्ती म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर. गोल पोट, छोटी चाकं, लांब सोंड. चिरंजीवानेच हे नाव ठेवलंय. रविवारी सूनबाई त्याला घरभर फिरवतात. यंत्र चालू झालं आणि मागच्या जाळीतून असा काही भपकारा आला, की मी नाकाला रुमाल लावला. ओल्या पोत्यात उंदीर मरून पडावा तसा. चिरंजीव म्हणाला, हत्ती कधीच मेलाय, आपण नुसती त्याची अंत्ययात्रा काढतोय दर रविवारी. सूनबाईंना हसू आलं नाही. हल्ली तर त्यांना कशाच्याही वासाने मळमळतं. त्या म्हणाल्या, एक तर हा वास जाऊ दे, नाहीतर हे यंत्र.

मी म्हटलं, मी घालवतो वास. दोघंही नको नको म्हणाले. बाबा, तुम्ही कशाला, तुम्ही आराम करा. पण मला माहीत आहे, काम सांगत नाहीत ते पाहुण्याला, आणि मला पाहुणा व्हायचं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दोघं कामावर गेल्यावर बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून हत्तीची शस्त्रक्रिया केली. पोट उघडलं. कागदी पिशवी तट्ट फुगलेली. तिच्यात काय काय कुजत होतं देव जाणे. ती फेकली. तोंडाशी ब्रशाचा रूळ असतो, त्याच्याभोवती केस आणि दोरे गुंडाळलेले, ते कात्रीने कापून काढले. स्पंजाचा फिल्टर साबणाच्या पाण्यात पिळला, तर पाणी काळंकुट्ट. सोंडेत व्हिनेगरचं पाणी ओतून ती झेंडा फिरवावा तशी फिरवली. मग सगळं उन्हात. फिल्टर ओला राहिला तर वास दुप्पट होतो असं चिरंजीवाने बजावलं होतं, म्हणून दोन दिवस वाळवणार. शेवटी नव्या पिशवीत चमचाभर खायचा सोडा. सोडा वास शोषतो म्हणे.

ऊन खात बसलो असताना शाळेतल्यासारखं सुचलं:

घरघर करिते यंत्र बापुडे,
कोनाकोनांतुनी धूळ ओढे;
पोटी त्याच्या काय दडे?
उघडू जाता नाक वाकडे!

चालीत म्हणून पाहिलं. मास्तरांनी दहापैकी पाच दिले असते. हातून काहीतरी उपयोगाचं घडलं की दिवस कसा गोड वाटतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

आज सगळं जोडून दुपारी हॉलमध्ये यंत्र सुरू केलं. जाळीशी नाक नेलं. दुर्गंधीचा मागमूस नाही. त्याऐवजी खडूचा वास आला. नुसता खडू नव्हे. ओल्या फडक्याने फळा पुसल्यावर जो येतो तो. मग दौतीतली शाई, भिजलेलं दप्तर, डब्याच्या झाकणाला लागलेलं तेल, आणि मास्तरांच्या कोटाचा, कपाटात ठेवलेल्या लोकरीचा वास. मी जमिनीवर मांडी घालून बसलो. डोळे मिटले तर कवितेचा तास चालू. सगळा वर्ग एका सुरात डोलतोय, मी दुसऱ्या बाकावर, आणि खिडकीपाशी एक माशी काचेवर आपटतेय. किती वेळ बसलो कोण जाणे. यंत्र तापून आपोआप बंद पडलं तेव्हा भानावर आलो.

संध्याकाळी मोठ्या ऐटीत सूनबाईंना म्हटलं, चालवून बघा. त्यांनी सुरू केलं आणि तोंडावर हात दाबून त्या बेसिनकडे धावल्या. चिरंजीव म्हणाला, बाबा, आहे तसाच आहे हो. उलट वाढलाय.

मला त्या वेळी कसलाच वास आला नाही. ना खडूचा, ना उंदराचा. बहुधा यंत्र मी सुरू केलं की मगच ते मला काही देतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

पिशवी उघडून पाहिली. तळाशी पांढरी भुकटी. मला वाटलं सोडा. बोटाने चोळली, तर बोटांवर खडूचा कोरडा गुळगुळीतपणा. या घरात खडू नाही. फळा नाही. मूल नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दोघं बाहेर पडताच पुन्हा सुरू केलं. मनात शाळेचीच आस होती, पण शाळा आली नाही. छापखाना आला. अक्षरांचे शिशाचे खिळे, ते धुवायचं रॉकेल, यंत्राची शाई, दमट कागदाच्या थप्प्या. माझी पहिली नोकरी! मुख्य तपासनिसाच्या तपकिरीचा वाससुद्धा! मला सटासट शिंका आल्या आणि मी एकटाच हसत बसलो.

शाळेनंतर छापखाना. म्हणजे हे क्रमाने चाललंय. धडा संपला की पुढचा धडा. आणि छापखान्यानंतर माझ्या पुस्तकात कोणता धडा आहे, ते मला पाठ आहे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सूनबाईंनी नवा फिल्टर आणि नव्या पिशव्या आणून दिल्या. फार प्रेमाने म्हणाल्या, बाबा, आता हे एकदा बदलून बघूया. मी बदलतो म्हणालो आणि बदललं नाही. जुनीच पिशवी परत बसवली. नवा फिल्टर ट्रंकेत पुस्तकांखाली ठेवला. शाळेतसुद्धा मी एवढी लबाडी केली नव्हती.

पण आज ती आली. कोरं कापड, शिवणयंत्राचं तेल, कापडावर खुणा करायच्या खडूचा वास, आणि त्या सगळ्यांच्या मागे न्हालेल्या केसांचा. आमच्या पहिल्या खोलीत ती खिडकीशी यंत्र घेऊन बसायची. मी कामावरून यायचो, तर ती पाठमोरी. मान वर न करता विचारायची, आलात? त्या एका शब्दाचाही जणू वास आला. मी मोठ्याने म्हणालो, हो, आलो.

मग ब्रशाचा रूळ साफ करायला घेतला. त्याला केस गुंडाळलेले होते. काळेभोर, हातभर लांब. सूनबाईंचे केस मानेपर्यंत कापलेले आहेत.

मी घाबरलो नाही. ते अलगद सोडवले आणि ओठांना लावले.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज घरात बोलाचाली झाली. कुणी आवाज चढवला नाही. आवाज न चढवताच झाली. चिरंजीवाच्या ऑफिसातली माणसं जेवायला यायची होती. सूनबाईंनी हत्ती काढला आणि घर त्या वासाने भरून गेलं. खिडक्या उघडल्या, पंखे लावले, फवारा मारला. मी म्हटलं, मला नाही हो येत वास. तेव्हा सूनबाई अगदी हळू, नवऱ्याला म्हणून, पण मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, यंत्रातूनच येतो ना रे नक्की? की टोकाच्या खोलीतून?

चिरंजीव फवारा मारत राहिला. नाही म्हणाला असता तर एका शब्दाचं काम होतं.

मी दुसऱ्यांदा अंघोळ केली. साबण दोनदा लावला. पाहुणे आले तेव्हा खोलीतच बसलो. ताट खोलीत आलं. ताटावर झाकण होतं, जसं रुग्णाच्या ताटावर घालतात.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आता रोज चालवतो. दिवसातून चार-पाच वेळा. मला फक्त त्या शिवणयंत्राच्या खिडकीपाशी परत जायचं होतं. पण हे यंत्र मागे जात नाही. प्रत्येक वेळी पुढचं पान. बाळाच्या डोक्याचं तेल आणि उलटलेलं दूध, म्हणजे चिरंजीव जन्मला. बुटांचं पॉलिश आणि नव्या वह्या, म्हणजे तो शाळेत जाऊ लागला. सुखाचे दिवस सर्रकन गेले, जसे तेव्हा गेले तसेच. मी बटण बंद करून ठेवलं असतं तर कदाचित तिथेच थांबलं असतं. पण न थांबता पुढचं बघण्याची घाई मलाच.

चिरंजीवाला सगळं सांगितलं. तुझ्या अंगाला लहानपणी कसा वास यायचा तो मला काल आला म्हणालो. त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाला, बाबा, परवा डॉक्टरकडे जाऊन येऊया का, सहज.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टरने नाकात बॅटरी मारून पाहिलं. वयाच्या मानाने ठीक आहे म्हणाला. या वयात जुने वास येतात, मनाचे खेळ असतात, काळजी करू नका. मी विचारलं, मनाचे केस ब्रशाला गुंडाळतात का? तो चिरंजीवाकडे बघून हसला.

आज रुळावर केस पांढरे होते. पुंजकेच्या पुंजके. तिचे शेवटी गेले तसे. आणि जाळीतून औषधाची गोड कडवट वाफ, स्पिरिट, न खाल्लेली पेज, तिच्या पाठीला मी लावायचो ते मलम. मी ओरडलो, पुरे. बटण दाबलं. बंद झालं. वास बंद व्हायला मात्र फार वेळ लागला.

ती पुन्हा गेली. आणि या वेळेला मीच तिला घाई करून नेलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दोन दिवस हात लावला नव्हता. आज सूनबाई म्हणाल्या, बाबा, पॅसेजमध्ये फार धूळ झालीय, चालवता का? काम सांगितलं म्हटल्यावर नाही म्हणवेना. डांबराच्या गोळ्या, बंद कपाटं, रिकाम्या घराचा वास. पॅसेजच्या टोकाला पोहोचेस्तोवर नवी चादर आणि माझ्या गुडघ्याचं मलम.

म्हणजे आज. आजच्या तारखेला येऊन पोहोचलो. पुस्तक संपलं असं समजून मला हायसं वाटलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

संपलेलं नाही.

आज खात्री करायला म्हणून, फक्त खात्री करायला, बटण दाबलं. करपलेल्या दुधाचा वास. स्वयंपाकघरात गेलो, ओटा कोरडा, गॅस बंद. दूध फ्रिजमध्ये थंडगार.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी दूध उतू गेलं आणि पातेलं करपून काळं झालं. सूनबाई गॅसपाशी उभ्या होत्या आणि त्यांना एकदम ओकारी आली म्हणून त्या धावल्या. कालचाच वास. तोच, जसाच्या तसा.

संध्याकाळी दोघं माझ्या खोलीत आले. सूनबाई पलंगाच्या कडेला बसल्या, आल्यापासून पहिल्यांदाच. चिरंजीव लाजत म्हणाला, बाबा, तुम्ही आजोबा होणार. उन्हाळ्यात.

मी रडलो. सूनबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, म्हणूनच मला त्या वासाचा इतका त्रास व्हायचा, मी काही बोलले असेन तर मनावर घेऊ नका हं बाबा. मग म्हणाल्या, बाळाला गाणी-कविता तुम्हीच शिकवायच्या. आमच्याकडून एक ओळ पाठ होत नाही.

मी कुणाला तरी हवा आहे. हे वाक्य लिहून त्याच्याकडे बघत बसलो आहे.

३० ऑक्टोबर, गुरुवार

यंत्राला हात लावायचा नाही. ठरलं. मला उन्हाळ्यापर्यंत जायचं आहे, आणि एकेक दिवस पायी जायचं आहे. कोणती कविता आधी शिकवायची याची यादी मनात चालू आहे. पक्ष्याची आधी, मग पावसाची. चांदोबाची तर पाळण्यातच.

पण दिवसभर एकच प्रश्न डोक्यात. बाळाचा वास येईल ना? सोंडेतून? एकदाच. एकदा दुधाचा वास आला की कळेल, मी असणार आहे. मग कायमचं बंद.

नाही. नको.

२ नोव्हेंबर, रविवार

केलं.

दोघं तपासणीला गेली होती. बटण दाबण्याआधी हात जोडले, जसे परीक्षेच्या पेपराला जोडायचो.

फिनेल. रबराची चादर. ओला कापूस. स्पिरिट. माणसाच्या पाठीला पडून पडून येतो तो वास. मी जाळीजवळ कान नेऊन ऐकल्यासारखं नाक नेलं, त्या सगळ्याच्या मागे कुठेतरी दूध असेल, पावडर असेल, लहानगी लंगोटी उन्हात वाळत असेल. शोधलं. पुन्हा पुन्हा शोधलं. नाही.

रुळावर केस होते. आखूड, विरळ, पांढरे. मी डोक्यावरून हात फिरवला.

३ नोव्हेंबर, सोमवार

यंत्र उचलून खाली कचऱ्याच्या डब्यापाशी नेऊन टाकलं. जिन्यात धाप लागली. वर येऊन पाणी पितोय तोवर चिरंजीव ते घेऊन परत. बाबा, हे काय, चांगलं यंत्र आहे, आपण मेकॅनिकला देतोय, बोलणं झालंय. मेकॅनिक आलाच मागोमाग. त्याने वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, धूळ फिल्टर ओलांडून आत मोटरपर्यंत गेलीय, वरवर धुऊन काही व्हायचं नाही, मुळातून काढायला लागेल. एकदम स्वच्छ करून देतो काका, वासाचं नाव राहणार नाही.

मी त्याचा हात धरला. म्हटलं, नका काढू. मुळातून नका काढू. असू दे थोडा.

सूनबाईंनी हळूच चिरंजीवाचा दंड धरला. मी पाहिलं ते.

मेकॅनिक यंत्र घेऊन गेला.

५ नोव्हेंबर, बुधवार

ताप. जिन्याने गेलो त्याचा असेल. पाय लटपटतात. बाथरूमपर्यंत जाताना पडलो. चिरंजीवाने उचललं, ट्रंक उचलली होती त्याहून सोपं गेलं त्याला.

संध्याकाळी सूनबाईंनी गादीवर रबराची चादर घातली. म्हणाल्या, लाजू नका हो बाबा.

हाच तो वास.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सगळं सांगितलं सूनबाईंना. फक्त त्यांना. यंत्र परत आणू नका, निदान उन्हाळा होईस्तोवर. मला बाळाला बघायचं आहे. त्या हो हो म्हणाल्या, कपाळावर ओली पट्टी ठेवली. खरंच चांगली पोर आहे. बाहेर जाऊन चिरंजीवाला फोनवर म्हणाली, भ्रम झालाय, वासाचंच घेऊन बसलेत. दुरुस्त होऊन आलं की आपोआप शांत होतील.

माझ्यासाठीच आणताहेत ते.

८ नोव्हेंबर, शनिवार

फिनेल. सकाळी कामाची बाई फरशी पुसून गेली. डोळ्यांत पाणी येतं इतकं. स्पिरिट, कापूस. सगळं आलं. एक एक करून आलं. त्यानंतरचं पान मी पाहिलेलं नाही —

चिरंजीव म्हणाला, खोली बदलायची का बाबा, हॉलमध्ये झोपता का. मी म्हटलं, नको. मग त्याने भिंतींकडे पाहिलं. मोजल्यासारखं. पाळणा कुठे बसेल ते बघत असेल. बघू दे. बघायलाच हवं कुणीतरी.

पक्ष्याची कविता अर्धी आठवतेय. बाळ असतं तर पूर्ण —

९ नोव्हेंबर, रविवार

आलं. दारात मेकॅनिकचा आवाज. चेष्टा करतोय, वहिनी, आता यातून जेवलात तरी चालेल.

बटण. हॉलमध्ये घरघर. आवाज पूर्वीपेक्षा हलका. गुळगुळीत.

सूनबाई हसताहेत. किती दिवसांनी. ओरडून सांगताहेत, बाबा, वास गेला! पार गेला!

मी श्वास घेतो. काही नाही. इथवर येत नसेल —

पॅसेजमध्ये आलं. दार उघडलं. उन्हात सूनबाईंचा चेहरा काय सुंदर. पोटावर एक हात, दुसऱ्या हातात सोंड. विचारताहेत, गेला ना हो बाबा? आहे का काही?

जाळी माझ्याकडे तोंड करून. वारा येतोय. कोमट. त्यात काही नाही. पुढचं पान कोरं. फिनेल नाही. मघाशी डोळे चुरचुरत होते, आता फिनेल नाही. रबर नाही. चहा ठेवलाय उशाशी, वाफ दिसते, वास —

हो म्हणालो. गेला म्हणालो. दुसरं काय म्हणणार, त्या इतक्या आशेने —

खूश झाल्या. म्हणतात, पलंगाखालून एकदा फिरवते, मग झोपा निवांत. सोंड खाली गेली. चादरीचं टोक ओढतेय. स्वतःचा हात हुंगला मी. मनगट. तळवा. साबणसुद्धा नाही, घामसुद्धा — उन्हाळ्याला अजून किती — सूनबाई, थांबा जरा, बंद करा, मला अजून बाळाचा